पासवर्ड लक्षात ठेवणं हे माणसाचं काम नाही

जुलैचा तिसरा आठवडा लागला की आमच्या करसल्लागार ऑफिसात बसायला खुर्ची मिळत नाही. ३१ जुलै तोंडावर आलेली असते, दाराशी छत्र्यांचं पाणी साचलेलं असतं आणि प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल असते. अशाच एका दुपारी एसटीतून निवृत्त झालेले एक काका माझ्यासमोर बसले. त्यांनी खिशातून बँकेच्या कॅलेंडरच्या पानाचा घडी घातलेला तुकडा काढला. पुढच्या बाजूला तारखांच्या चौकटींत दुधाचा हिशेब, मागच्या कोऱ्या बाजूला एकाखाली एक पाच पासवर्ड. पहिल्या चारांवर काट मारलेली. पाचही एकाच घरातले: नातवाचं नाव, मग ॲटचं चिन्ह, मग साल. दर वेळी साल एकाने वाढलेलं.

"ताई, शेवटचा चालतो का बघा. नाही चालला तर वरचा टाका. मेलला, बँकेला, पीएफला, सगळीकडे ह्यातलाच एक आहे."

मी न विचारताच काकांनी त्यांच्या घराची सगळी कुलपं मला दाखवून टाकली होती.

अशा माणसाला नावं ठेवणं सोपं आहे. बँकांचे मेसेज तेच करतात: पासवर्ड कुणाला सांगू नका, कुठे लिहू नका, सगळीकडे वेगळा ठेवा, सोपा ठेवू नका, दर तीन महिन्यांनी बदला. हे सगळं एकाच वेळी कसं पाळायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. काकांची खाती मोजली तर आयकर, पीएफ, डिजिलॉकर, नेटबँकिंग, वीजबिल, गॅस, रेल्वे तिकीट, ईमेल, मोबाइल कंपनी आणि नातवाच्या शाळेचं ॲप एवढी सहज निघतात. दहा जागी दहा वेगळे, अवघड, बदलते पासवर्ड डोक्यात ठेवणं कुणालाच जमत नाही. मी हेच काम दिवसभर करते, मलाही जमत नाही. कॅलेंडरचा तुकडा हा काकांचा निष्काळजीपणा नव्हता. न झेपणारं ओझं अंगावर टाकल्यावर माणसाने काढलेली ती वाट होती. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पासवर्ड लक्षात ठेवण्याचं काम माणसाकडून काढून घेतलं पाहिजे, ते पासवर्ड मॅनेजरकडे, म्हणजे पासवर्ड बनवून सांभाळणाऱ्या ॲपकडे, दिलं पाहिजे, आणि ज्या संस्था या कामात आडव्या येतात त्यांना जाब विचारला पाहिजे.

सुरुवात आमच्या स्वतःच्या ऑफिसपासून करते, कारण दोष आमचाही होता. कित्येक वर्षं आमच्याकडे एक एक्सेल फाइल होती. पहिल्या रकान्यात क्लायंटचं नाव, मग पॅन, मग आयकराचा पासवर्ड, मग जीएसटीचा, शेवटी ईमेलचा. या धंद्यातल्या कुणालाही विचारा, अशी फाइल त्याने पाहिलेली असते. लॉकडाऊनमध्ये घरून काम करता यावं म्हणून आमच्या एका सहकाऱ्याने ती स्वतःच्या मेलवर पाठवली. पुढे तो नोकरी सोडून गेला. फाइल तिथेच राहिली आहे हे आम्हाला बऱ्याच महिन्यांनी कळलं. त्या मुलाने तिचा काही गैरवापर केला नाही, तो सज्जन होता. पण आमच्या क्लायंटची सुरक्षितता त्याच्या सज्जनपणावर टांगलेली होती. त्या आठवड्यात आम्ही एकेकाला फोन करून पासवर्ड बदलून घेतले. "का हो, काय झालं?" या प्रश्नाला प्रत्येक वेळी खरं उत्तर देताना जीव खाली जात होता.

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. कायदा आहे, तो हवाच. पण कायदा चोरी झाल्यावर कामाला येतो. शिवाय बऱ्याच कामांसाठी पासवर्ड द्यावाच लागत नाही. आयकराच्या पोर्टलवर आपल्या सीएला अधिकृतपणे जोडायची सोय आहे. ती सोय असताना आपण कागदाचा तुकडा पुढे करतो आणि आमच्यासारखे लोक तो घेतात. ही सवय दोन्ही बाजूंनी मोडायला हवी.

आता एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्याबद्दल. लोकांना वाटतं, आपला पासवर्ड कुणीतरी बसून ओळखणार. तसं क्वचित होतं. होतं ते असं: एखादं संकेतस्थळ फुटतं, तिथली ईमेल-पासवर्डची यादी बाहेर येते आणि तीच जोडी यंत्राने शेकडो ठिकाणी लावून पाहिली जाते. २०१२ मध्ये लोकांच्या फाइली इंटरनेटवर साठवणाऱ्या ड्रॉपबॉक्स या कंपनीत चोर शिरले ते तिथल्याच एका कर्मचाऱ्याच्या पासवर्डने. त्याने तो दुसऱ्या ठिकाणीही वापरला होता आणि तिथून तो चोरीला गेला होता. चार वर्षांनी कळलं की सुमारे ६ कोटी ८० लाख खात्यांची माहिती गेली आहे. तंत्रज्ञानात मुरलेल्या कंपनीतला माणूस जी चूक करतो, ती निवृत्त कंडक्टरने करू नये अशी अपेक्षा धरण्यात काय अर्थ आहे? आपल्याकडेही २०२० मध्ये बिगबास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती बाहेर गेली होती. किराणा मागवायच्या ॲपचा पासवर्ड आणि ईमेलचा पासवर्ड एकच असेल, तर किराण्याची चोरी पाहता पाहता ईमेलची होते. आणि ईमेल हातात आलं की बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलून घेता येतात.

पासवर्ड मॅनेजर याच ठिकाणी कामाला येतो. तो प्रत्येक खात्याला वेगळा, लांबलचक, अर्थहीन पासवर्ड बनवतो, आपल्या तिजोरीत सांकेतिक रूपात साठवतो आणि लागेल तिथे स्वतः भरतो. आपण फक्त ती तिजोरी उघडणारा एक मास्टर पासवर्ड सांभाळायचा. त्याचा आणखी एक गुण मला याहून मोलाचा वाटतो. तो संकेतस्थळाचा पत्ता अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल माणसाच्या डोळ्याला फसवते, घाईत तर हमखास. पत्ता वेगळा असला की मॅनेजर पासवर्ड पुढे करतच नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते: नेहमीच्या पानावर मॅनेजर गप्प बसला, तर हात मागे घ्या. हट्टाने पासवर्ड कॉपी करून डकवू नका, आधी पत्ता वाचा.

"पण सगळ्या चाव्या एकाच जुडग्यात? आणि जुडगा कुण्या परदेशी कंपनीकडे?" हा प्रश्न मला दर वेळी ऐकू येतो आणि तो रास्त आहे. लास्टपास या पासवर्ड मॅनेजर कंपनीचं उदाहरण त्याला पुरेसं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या कंपनीत चोर शिरले. पुढे एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकावर, तिथल्या एका जुन्या मीडिया सॉफ्टवेअरच्या फटीतून, त्याचा मास्टर पासवर्ड टिपला गेला. डिसेंबरमध्ये कंपनीने कबूल केलं की ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरांकडे गेल्या आहेत. पासवर्ड सांकेतिक रूपात होते, पण संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते. म्हणजे कुणाचं खातं कोणत्या बँकेत आहे, हे चोराला नुसतं पाहून कळत होतं. आणखी एक बाब होती. मास्टर पासवर्डपासून किल्ली घडवताना मुद्दाम हजारो-लाखो फेऱ्यांचं गणित करतात, म्हणजे चोराचा प्रत्येक अंदाज महाग पडतो. नव्या खात्यांना या फेऱ्या १,००,१०० होत्या, कित्येक जुनी खाती ५,०००वरच राहिली होती. कंपनीने ती वेळेवर वाढवली नव्हती.

या घटनेवरून "मॅनेजर नकोच" असा निष्कर्ष काढणारे मला भेटतात. मला ते पटत नाही. ज्यांचा मास्टर पासवर्ड लांब आणि खरोखर बेछूट, म्हणजे कसलाही अंदाज बांधता न येणारा, होता, त्यांची तिजोरी प्रत चोरीला जाऊनही बंद राहते. ज्यांचा नातवाच्या नावाचा होता, त्यांची उघडते. कॅलेंडरच्या तुकड्याला असं दुसरं कुलूप नाही, आमच्या एक्सेल फाइलला तर नव्हतंच. निवड करताना मात्र डोळे उघडे ठेवायला हवेत. तिजोरीतलं सगळं सांकेतिक रूपात आहे का, प्रोग्रॅम लोकांना तपासायला खुला आहे का, बाहेरच्यांकडून तपासणी होते का, आणि उद्या सोडून जायचं ठरवलं तर आपली माहिती बाहेर काढता येते का, एवढं तरी पाहा.

नावं घेऊन सांगते. आमच्या ऑफिसात आम्ही बिटवॉर्डन घेतलं. त्याचा प्रोग्रॅम खुला आहे, एकट्या माणसाला फुकटात हवे तेवढे पासवर्ड आणि हवी तेवढी उपकरणं चालतात; ऑफिससाठी पैसे भरावे लागतात, ते भरावेत. कंपनीवर अजिबात भरवसा नसेल तर २००३ पासून चालत आलेला कीपास आहे. त्यात तिजोरी म्हणजे आपल्या संगणकावरची एक फाइल, कुणाच्या सर्व्हरवर जायचा प्रश्नच नाही. पण त्या फाइलच्या प्रती काढून ठेवणं, ती फोनवर नेणं हे सगळं आपल्या गळ्यात पडतं. डिस्क गेली की सगळं गेलं. वनपासवर्ड पैसे घेतो, पण मास्टर पासवर्डशिवाय आणखी एक लांब गुप्त किल्ली आपल्या उपकरणावर ठेवतो. त्यामुळे कंपनीकडची चोरी एकटी पुरत नाही.

आणि फोनमध्येच असलेला गूगलचा किंवा आयफोनचा मॅनेजर? नवं काही शिकायची ज्यांची तयारी नाही त्यांनी तोच वापरावा, कागदापेक्षा तो कितीतरी बरा. माझी अडचण वेगळी आहे. तो फोनच्या पिननेच उघडतो आणि आपल्या घरांत फोनचा पिन नातवंडांपासून शेजारच्या दादापर्यंत सगळ्यांना पाठ असतो. आपल्याकडे फोन कुटुंबाचा असतो, पासवर्ड मात्र एकट्याचा असावा असं धरून ही सगळी यंत्रणा बांधली आहे. वेगळं ॲप घेतलं तरी बोटाच्या ठशाचं पाहून घ्या. नातवाचं बोट फोनमध्ये नोंदलेलं असेल तर ते तिजोरीही उघडतं.

आता मास्टर पासवर्ड. इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळा डोलारा यावर उभा आहे. देवाचं नाव, मुलांची नावं, गाडीचा नंबर, अभंगाची ओळ, घोषणा यांतलं काही नको. जे दहा जणांना पाठ आहे ते चोराच्या यादीतही असतं. पासवर्ड बेछूट हवा आणि माणसाला स्वतःच्या मनाने बेछूट होता येत नाही. म्हणून फासे. १९९५ मध्ये अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी ही रीत मांडली: पाच वेळा फासा टाका, ७,७७६ शब्दांच्या क्रमांकित यादीतला एक शब्द निघतो. असे पाच-सहा शब्द काढा, झाला पासवर्ड. २०१६ मध्ये ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने सोपी इंग्रजी यादी काढली. आमच्या काकांना इंग्रजी शब्द नको होते. मग आम्ही ऑफिसातला जाड मराठी शब्दकोश आणि ल्युडोचा फासा घेतला. तीन वेळा टाकून पान, दोन वेळा टाकून त्या पानावरचा शब्द. गणित तेच राहतं: २१६ पानं, प्रत्येकी ३६ शब्द, ७,७७६ शक्यता. अगदीच अडगळीतला शब्द आला तर पुन्हा टाकायला हरकत नाही, पण आवडता शब्द येईपर्यंत टाकत बसू नका, नाहीतर पुन्हा आपलं मनच निवड करायला लागतं. आठ लहान इंग्रजी अक्षरांच्या पासवर्डच्या शक्यता सुमारे २०,८८० कोटी होतात. फाशाच्या पाच शब्दांच्या शक्यता त्याच्या साडेतेरा कोटी पटींहून जास्त आहेत. आणि पाच मराठी शब्द दोन दिवसांत तोंडात बसतात.

मराठीची एक गोची मात्र आहे. आपण हे शब्द रोमन अक्षरांत टाइप करतो आणि एकाच शब्दाचं स्पेलिंग प्रत्येक जण वेगळं करतो. "वळीव" आज एका तऱ्हेने लिहाल, महिन्याने दुसऱ्या. देवनागरीत टाइप करावं म्हटलं तर दुसऱ्याच्या संगणकावर तो कीबोर्ड मिळेलच असं नाही. म्हणून स्पेलिंग पहिल्याच दिवशी ठरवा आणि तसंच्या तसं कागदावर लिहा.

हो, कागदावर. मास्टर पासवर्ड कागदावर लिहून घरात जपून ठेवा, असं मी स्पष्ट सांगते. बिटवॉर्डनसारख्या ठिकाणी मास्टर पासवर्ड विसरलात तर कंपनी तो काढून देऊ शकत नाही, कारण तो तिच्याकडे नसतोच. तिला काढून देता आला असता, तर वाचताही आला असता. हीच त्याची ताकद आहे, आणि विसरणाऱ्याला हाच त्याचा धाक. दूरच्या चोराला आपल्या कपाटातला कागद दिसत नाही. त्याच कागदावर ईमेल खात्याचे रिकव्हरी कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना आत जायचे राखीव कोड, तेही लिहा. माझ्या भावाचा फोन लोकलच्या गर्दीत गेला तेव्हा पासवर्डनंतर लागणारा दुसरा कोड देणारं ॲप त्याच फोनमध्ये होतं. पासवर्ड पाठ असूनही तो आठ दिवस स्वतःच्या मेलबाहेर उभा होता. यूपीआयचा आणि एटीएमचा पिन मात्र तिजोरीत नको. ते चार-सहा आकडे डोक्यातच राहू द्या, तेवढं डोकं पेलतं.

या ओझ्याची दुसरी बाजू माणूस गेल्यावर दिसते. नवरा जातो आणि बायकोला माहीत नसतं की विमा कुठे आहे, ठेव कोणत्या बँकेत आहे, म्युच्युअल फंड होते की नव्हते. मार्च २०२४ अखेर रिझर्व्ह बँकेच्या निधीत दहा वर्षं कुणी दावा न केलेल्या ठेवींचे ७८,२१३ कोटी रुपये पडून होते. त्या शोधण्यासाठी बँकेला ऑगस्ट २०२३ मध्ये उद्गम नावाचं पोर्टल काढावं लागलं. गेलेल्या माणसाच्या पासवर्डने त्याच्या खात्यातून पैसे काढू नयेत. त्याचा मार्ग नामनिर्देशन आणि रीतसर दावा हाच आहे. पण काय काय होतं, एवढं तरी घरात कळायला हवं आणि नीट भरलेली तिजोरी ते सांगते. बिटवॉर्डनच्या पैसे भरून घ्यायच्या योजनेत आपण नेमलेल्या माणसाला ठरावीक दिवसांनी तिजोरी उघडता येते, आपण मध्ये नकार दिला नाही तर. ॲपलमध्ये वारस नेमता येतो, पण त्या वारसाला पासवर्ड मिळत नाहीत. आयफोनवाल्या घरांनी हे आजच लक्षात घ्यावं.

एवढं सगळं माणसाने केलं तरी समोरची संस्था दार लावून बसते, याचा मला खरा संताप आहे. मॅनेजरने बनवलेला चोवीस अक्षरांचा पासवर्ड घेऊन गेलं की कुठे "जास्तीत जास्त १२ अक्षरं" म्हणतात, कुठे पेस्ट बंद, कुठे माऊसने एकेक अक्षर टिपायचा पडद्यावरचा कीबोर्ड. मग माणूस पुन्हा सोपा, आखूड पासवर्ड ठेवतो आणि भिंतीवर लिहितो. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने २०१७ मध्येच सांगितलं होतं की पासवर्ड पेस्ट करू द्या, ते अडवून सुरक्षितता वाढत नाही.

दर ९० दिवसांनी पासवर्ड बदला आणि त्यात मोठं अक्षर, आकडा, चिन्ह घाला, या रिवाजाचीही एक कहाणी आहे. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेत बिल बर यांनी २००३ मध्ये जे मार्गदर्शन लिहिलं, त्यातून हे नियम जगभर पसरले. तोवर निवृत्त झालेल्या बर यांनीच २०१७ मध्ये जाहीरपणे खंत व्यक्त केली आणि त्याच वर्षी संस्थेने नियम फिरवले: चोरी झाल्याचा पुरावा नसेल तर ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती करू नका, लांबी वाढवू द्या, पेस्ट करू द्या. ज्यांनी नियम केला त्यांनी तो मागे घेतला. आपल्याकडची पोर्टलं मात्र अजून काकांना दर तीन महिन्यांनी साल एकाने वाढवायला लावतात. कॅलेंडरच्या तुकड्यावरच्या चार काटा त्या सक्तीनेच मारायला लावल्या आहेत.

रिझर्व्ह बँक आणि देशाची सायबर सुरक्षा पाहणारी सरकारी संस्था सर्ट-इन यांनी स्पष्ट लिहावं, असं माझं मागणं आहे: कोणतीही बँक, कोणतंही सरकारी पोर्टल पेस्ट आणि ऑटोफिल (मॅनेजरने पासवर्ड आपोआप भरणं) अडवणार नाही, किमान ६४ अक्षरांचा पासवर्ड घेईल, कारणाशिवाय बदलायला लावणार नाही. सुरक्षा तपासणीत हा मुद्दा असावा आणि न पाळणाऱ्याला उत्तर द्यावं लागावं. पासवर्डऐवजी फोनच्या कुलपानेच लॉगिन करू देणाऱ्या पासकी येत आहेत, मे २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून तसं जाहीरही केलं. पण तालुक्याच्या गावी वीजबिलापासून पेन्शनपर्यंत सगळीकडे त्या पोचेपर्यंत पासवर्डच राहणार आहे. तोवर काकांनी थांबायचं का?

काका यंदा मेमध्येच आले, गर्दी नसताना, काकूंना घेऊन. शब्दकोश आणि फासा तेव्हाच निघाला. फोनमधलं नातवाचं बोट काढलं, काकांचं ठेवलं, काकूंचं नोंदवलं. आयकर, ईमेल, पीएफ, बँक अशा क्रमाने एकेक पासवर्ड मॅनेजरने बनवला. बँकेच्या पानावर पेस्ट होईना, तेव्हा वीस अक्षरं मी वाचली आणि काकांनी एकेक टिपली. पाच शब्दांचा कागद काकूंनी हातात घेतला, रेशनकार्ड आणि घराच्या खरेदीखताच्या फाइलमध्ये ठेवायचा म्हणाल्या. मग चष्मा लावून विचारलं, "ह्या तिजोरीत विजेच्या बिलाचा ग्राहक क्रमांक लिहिता येतो का? आणि एलआयसीचा पॉलिसी नंबर?" येतो म्हटल्यावर त्यांनी पिशवीतून जुनी बिलं काढली आणि आम्ही तेही लिहायला बसलो.